संजीवनी आणि गामिनी

दिवाळी उलटली, हवेत जरा गारवा आला, की कन्नमवार नगरात गल्ल्यांच्या तोंडाशी कमानी उभ्या राहू लागतात. फ्लेक्सच्या मधोमध पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला एक तरुण चेहरा, खाली 'कै.' आणि नाव, त्याखाली लाल अक्षरांत 'स्मृतिचषक'. कुठे कबड्डी, कुठे अंडरआर्म क्रिकेट. विक्रोळीच्या पूर्वेला वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. ज्याच्या नावाचा चषक असतो तो बहुधा त्याच मैदानात घाम गाळलेला, कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जोडीदार. नारळ फुटतो, माइकवाला 'दोन मिनिटं स्तब्ध उभे राहूया' म्हणतो आणि पंचवीस सेकंदांत 'धन्यवाद' म्हणून मोकळा होतो. लगेच शिट्टी, आणि पहिली चढाई.

लहानपणी मला त्या पंचवीस सेकंदांचा राग यायचा. दोन मिनिटं म्हणता, तर दोन मिनिटं थांबा की. आता वाटतं, पोरांना स्तब्धता जमत नाही, खेळ जमतो; जे जमतं त्यातून ती आठवण काढतात. नुसत्या नावाचं काय होतं ते आमच्या वसाहतीतच दिसतं. वसाहतीच्या पाटीवर ज्यांचं नाव आहे ते मा. सां. कन्नमवार महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री. पदावर असतानाच २४ नोव्हेंबर १९६३ रोजी वारले. बसच्या पाटीवर, आधार कार्डावर, वाण्याच्या बिलावर त्यांचं नाव रोज येतं. २४ नोव्हेंबरला किती घरांत त्यांची आठवण निघते, हे विचारायची सोय नाही.

मैदानाच्या कडेला बसणारी जुनी माणसं कबड्डीचे तीन प्रकार सांगतात. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन परत आत येतो. आज सगळीकडे हीच खेळतात. गामिनीत तसं नाही. बाद झाला तो रेषेबाहेर बसला, आणि आपला अख्खा संघ बाद होईपर्यंत बसूनच राहिला. अमर कबड्डीत कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. आपल्याकडे खेळातल्या मरण्याला आणि उठण्याला इतके तपशीलवार नियम आहेत, याची मला गंमत वाटत आली आहे. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांची १९७० सालची हकीकत वाचताना मला हेच नियम आठवत राहिले. दोन्ही कॉलेजांच्या संघांची विमानं सहा आठवड्यांच्या अंतरानं पडली. दोन्ही आवारांत स्मारकं झाली. एका संघाला संजीवनी मिळाली, दुसऱ्याच्या वाट्याला गामिनी आली.

हे अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, पायापेक्षा हातानं जास्त खेळायचा, डोक्याला शिरस्त्राण, अंगावर गाद्या. तिकडच्या लहान शहरांत कॉलेजचा संघ ही साऱ्या गावाची इस्टेट असते. कोल्हापुरात शनिवार-रविवारी फुटबॉलच्या सामन्याला तालमी-तालमींत जे चढतं, त्याला गावच्या डॉक्टर, वकील, दुकानदारांच्या देणग्यांची जोड द्या, म्हणजे कल्पना येईल. हे देणगीदार संघाबरोबर प्रवासही करतात. पुढच्या हकीकतीत त्याला फार महत्त्व आहे.

कॅन्ससमधल्या विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ शुक्रवारी, २ ऑक्टोबर १९७० रोजी युटामधल्या लॉगन गावी निघाला. दुसऱ्या दिवशी युटा स्टेटशी सामना होता. भाड्यानं घेतलेली दोन जुनी पंख्यांची विमानं होती, मार्टिन ४०४ जातीची. कॉलेजच्या रंगांवरून एकाला 'गोल्ड' म्हणत, दुसऱ्याला 'ब्लॅक'. गोल्डमध्ये पहिल्या फळीचे खेळाडू, मुख्य प्रशिक्षक बेन विल्सन, क्रीडा विभागाचे प्रमुख बर्ट कॅट्झनमायर आणि देणगीदार मंडळी. ब्लॅकमध्ये राखीव खेळाडू आणि इतर प्रशिक्षक. इंधन भरायला दोन्ही विमानं डेन्व्हरला उतरली.

इथं वाटा फुटल्या. ब्लॅकच्या वैमानिकानं उत्तरेकडून वळसा घालणारी, नेहमीची मळलेली वाट धरली. गोल्डमध्ये विमान चालवत होते ते भाड्याच्या कंपनीचे अध्यक्षच. पोरांना डोंगरांची शोभा दाखवत न्यावं, असं त्यांच्या मनात आलं. त्या वाटेचे नकाशे डेन्व्हरच्या विमानतळावर विकत घेतले गेले. प्रवासाचा आराखडा म्हणावा असा त्यापलीकडे काही नव्हता. वजन परवानगीपेक्षा जास्त, हवा विरळ, आणि विमान क्लियर क्रीकच्या खोऱ्यातून वर चढत निघालेलं. आपल्या घाटात चढ लागला की ओव्हरलोड ट्रक जसा धापा टाकतो तसं ते होतं. फक्त ट्रकला बाजूला थांबता येतं. खोरं अरुंद होत गेलं, समोर बारा हजार फुटांहून उंच डोंगर. विमानाला तेवढं चढता येईना, आणि वळायला जागा उरली नव्हती. दुपारी एकच्या सुमारास वळायचा प्रयत्न करताना ते माउंट ट्रेलीजच्या उतारावरच्या झाडांत घुसलं.

जवळच डोंगर पोखरून महामार्गाचा बोगदा काढायचं काम चालू होतं. तिथले कामगार आणि रस्त्यानं जाणारे लोक धावत वर गेले. काही खेळाडू भगदाडातून बाहेर पडू शकले होते. बाकीच्यांना काढायच्या आत आगीनं विमान घेरलं. ४० जणांपैकी ३१ गेले. त्यांत १४ खेळाडू होते. वाचलेल्या ९ जणांत ८ खेळाडू आणि विमान चालवणारे ते अध्यक्ष. ब्लॅक विमान लॉगनला वेळेवर उतरलं. त्यातल्या मुलांना बातमी तिथं कळली.

चौकशीचा निष्कर्ष सरकारी भाषेत असूनही बोचरा आहे: पुढचा डोंगर ओलांडता येणार नाही आणि मागं वळताही येणार नाही, अशा उंचीवरून विमान मुद्दाम खोऱ्यात नेलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी लॉगनच्या मैदानावर सामन्याऐवजी शोकसभा झाली. युटा स्टेटच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यरेषेवर पुष्पचक्र ठेवलं.

विचिटाच्या उरलेल्या खेळाडूंनी मतदान घेतलं. कौल खेळत राहण्याच्या बाजूनं पडला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. तो नियम त्यांच्यासाठी शिथिल झाला. २४ ऑक्टोबरला आर्कान्सासविरुद्ध संघ उतरला आणि ६२-० असा हरला. हंगाम संपला तेव्हा विजयांचा रकाना शून्यावर होता.

तोवर दुसरं विमान पडलं होतं.

वेस्ट व्हर्जिनियातलं हंटिंग्टन हे ओहायो नदीकाठचं शहर, त्या वेळी वस्ती सुमारे ७४ हजार. कोळसा, रेल्वे, कारखाने. गावातलं मार्शल युनिव्हर्सिटीचं आवार १८३७ पासूनचं. संघ मात्र नाव घेण्यासारखा नव्हता. साठच्या दशकाच्या शेवटी ओळीनं २७ सामने त्यांना जिंकता आले नव्हते. खेळाडू गोळा करताना नियम मोडले म्हणून १९६९ मध्ये त्यांना आपल्या साखळीतून बाहेरही काढलं होतं. रिक टॉली नावाचे तरुण प्रशिक्षक ही पडकी भिंत पुन्हा बांधत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण गेलेल्या संघाला लोक नंतर अजिंक्य करून टाकतात. १४ नोव्हेंबर १९७० च्या शनिवारी हा संघ नॉर्थ कॅरोलायनात ईस्ट कॅरोलायनाशी १७-१४ असा हरला. हंगामातला तो सहावा पराभव होता, विजय तीन.

मार्शलचा संघ एरवी बसनं जायचा. या वेळी अंतर जास्त म्हणून साउदर्न एअरवेजचं डीसी-९ जेट ठरवलं. परतीच्या विमानात ३७ खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे ८ सहकारी, गावातले २५ पाठीराखे आणि ५ कर्मचारी, मिळून ७५ जण. हंटिंग्टनजवळचा विमानतळ टेकडीचा माथा सपाट करून केलेला. पाऊस, धुकं, खाली उतरलेले ढग. धावपट्टीची दिशा दाखवणारी यंत्रणा होती, उतरण्याचा कोन दाखवणारी नव्हती. साडेसातनंतर काही मिनिटांनी विमान धावपट्टीच्या मैलभर अलीकडे एका टेकडीवरच्या झाडांना लागलं आणि पलीकडच्या घळीत कोसळलं. कोणी वाचलं नाही. धावपट्टी दिसत नसताना विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली का गेलं, हे चौकशीत नक्की ठरलं नाही. उपकरणं वाचण्यात चूक झाली असेल किंवा उंचीमापकच चुकला असेल, एवढ्यावर अहवाल थांबतो.

विचिटाच्या बाबतीत बोट दाखवायला माणूस होता. हंटिंग्टनच्या लोकांना तेही नव्हतं.

आणि गेले होते कोण, तर गावच. रेडिओवरून संघाचे सामने सांगणारा आवाज गेला होता. डॉक्टर गेले होते, त्यांच्या बायका गेल्या होत्या. संघाचे डॉक्टर आणि त्यांच्या पत्नीमागे सहा मुलं राहिली. एका रात्रीत ७० मुलांनी आई किंवा बाप गमावला. त्यातली १८ दोन्हीकडून पोरकी झाली. एवढ्याशा गावात अंत्ययात्रांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत म्हणून काय करावं लागलं असेल, याचा विचारच करवत नाही.

सहा खेळाडूंची ओळख पटू शकली नाही. म्हणजे सहा नावं ठाऊक होती. कोणतं शरीर कोणत्या नावाचं हे ठरवता आलं नाही. स्प्रिंग हिल दफनभूमीत सहाही जणांना शेजारी शेजारी ठेवलं. तिथल्या उंचवट्यावरून कॉलेज दिसतं.

वाचलेल्यांच्या गोष्टी अशा प्रसंगी नेहमी निघतात आणि त्या ऐकताना मला संकोच होतो, कारण त्यांत नशिबाचा गोडवा गाण्याचा मोह असतो. पण एक सांगायला हवी. सहायक प्रशिक्षक रेड डॉसन विमानात नव्हते. नवे खेळाडू पाहायला वाटेतल्या एका कॉलेजात जायचं म्हणून ते मोटारीनं परतत होते. विमानातल्या कितीतरी मुलांच्या घरी बसून, त्यांच्या आईबापांना 'मुलगा आमच्याकडे द्या' असं त्यांनीच सांगितलेलं. आता त्याच घरांच्या अंत्यविधींना जायचं होतं. ते आणखी एक वर्ष संघाबरोबर राहिले, मग प्रशिक्षण कायमचं सोडलं.

फुटबॉल बंद करावं का, हा प्रश्न कॉलेजपुढे होता. चालू ठेवायचं ठरलं तर शिकवायला माणूस मिळेना. एक प्रशिक्षक आले आणि थोड्याच दिवसांत परत गेले. मार्च १९७१ मध्ये ओहायोतल्या वूस्टर नावाच्या छोट्या कॉलेजातून जॅक लेंग्येल आले. त्यांच्या हाती काय होतं? पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात न घेण्याचा जो नियम, त्यामुळे ती मुलं १४ नोव्हेंबरला विमानात नव्हती. तेवढी उरली होती. नेट रफिनसारखे दुखापतीमुळे मागं राहिलेले दोन-चार होते. बाकी भरती बास्केटबॉल, बेसबॉल खेळणाऱ्यांतून केली. गोलखांबांमधून चेंडू मारायला ब्लेक स्मिथ म्हणून आपल्या अर्थाचं फुटबॉल खेळणारा एक विद्यार्थी घेतला. कुठे कमी पडेल तिथे शेजारच्या गल्लीतून गडी आणतात, तसा प्रकार. विचिटाप्रमाणे इथंही पहिल्या वर्षाच्या मुलांना खेळायची मुभा मिळाली. त्याच राज्यातल्या वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीचे प्रशिक्षक बॉबी बाउडन यांनी आपल्या डावांच्या वह्या लेंग्येल यांच्यासमोर उघड्या केल्या. आमच्या मैदानात कोणी आपला डाव सहजासहजी सांगत नाही. म्हणून मला ही मदत पैशापेक्षा मोठी वाटते.

१८ सप्टेंबर १९७१ चा पहिला सामना हरले. पुढच्या शनिवारी, २५ तारखेला, घरच्या मैदानावर समोर झेवियर युनिव्हर्सिटीचा संघ होता. पहिले गुण त्या आपल्या फुटबॉलवाल्या ब्लेक स्मिथनं मिळवले. शेवटच्या क्षणापर्यंत झेवियर १३-९ असं पुढे. एकच डाव खेळण्यापुरता वेळ उरला. रेजी ऑलिव्हर, मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला होता म्हणून विमानात नसलेला, उजवीकडे पळाला आणि चेंडू विरुद्ध बाजूला टेरी गार्डनरकडे टाकला. गार्डनर रेषेपलीकडे पोचला तेव्हा घड्याळ संपलेलं होतं. १५-१३. त्या हंगामात त्यांनी आणखी एकच सामना जिंकला, आठ हरले. सिनेमा काढला तर तो इथं संपवायचा मोह कोणालाही होईल. २००६ मध्ये 'वी आर मार्शल' हा सिनेमा निघालाच, त्यात लेंग्येल यांची भूमिका मॅथ्यू मॅकॉनहे यांनी केली. खरा इतिहास लांबट आणि कंटाळवाणा आहे: पुढची तेरा-चौदा वर्षं मार्शल हरत राहिलं. १९८४ साली कुठे जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त झाले. मग १९९२ आणि १९९६ मध्ये आपल्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद. गडी जिवंत व्हायला वीस वर्षं लागली.

या वीस वर्षांच्या सुरुवातीलाच मार्शलच्या आवारात एक कारंजं उभं राहिलं. शिल्पकार हॅरी बर्टोया, जन्मानं इटालियन. तारांच्या जाळीची त्यांची खुर्ची जगभर गेली. आपल्याकडेही चकचकीत कार्यालयांच्या स्वागतकक्षात तिच्या नकला बघायला मिळतात. त्यांनी १३ फूट उंचीचं, तीन टनांच्या आसपास वजनाचं धातूचं कारंजं घडवलं. त्याचा आकार धड झाडाचा नाही, धड फुलाचा नाही. मृत्यूपेक्षा जगण्याची आठवण राहावी, पाणी चढावं, पडावं, पुन्हा चढावं, असं त्यांच्या मनात होतं. १२ नोव्हेंबर १९७२ रोजी ते विद्यार्थी केंद्रापुढच्या चौकात बसलं. खर्च आला २५,००० डॉलर.

दर वर्षी १४ नोव्हेंबरला सगळे तिथं जमतात. ७५ नावं एकेक करून वाचली जातात, फुलं ठेवली जातात आणि कारंज्याचं पाणी बंद करतात. ते संपूर्ण हिवाळा बंद राहतं, वसंतात पुन्हा सोडतात. तिकडच्या थंडीत नळ गोठून फुटू नयेत म्हणून कारंजी एरवीही बंद ठेवावीच लागतात. देखभाल विभागाच्या वेळापत्रकातलं एक काम त्यांनी उचललं आणि त्याला तिथी जोडली. आपल्याकडे वर्षश्राद्धाला पान मांडतात, कावळा शिवेपर्यंत थांबतात, तसं हे थांबणं आहे. चौकातून रोज जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ना ती माणसं ठाऊक, ना तो सामना. पण चार महिने पाण्याचा आवाज नाही, हे त्याच्या कानाला कळतंच. शिल्पातलं खरं कसब मला धातूत दिसत नाही, पाणी बंद करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये दिसतं.

कॉलेजच्या आवारातली स्मारकं सगळीच इतकी सुदैवी नसतात. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा संघ आणि सुमारे हजारभर पाठीराखे खास आगगाडीनं इंडियानापोलिसला सामन्यासाठी निघाले होते. संघ इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात. पुढच्या स्थानकाला गाडी येतेय ही सूचना पोचली नाही. वळणावर कोळशाचे डबे आडवे आले. लाकडी डब्याच्या काटक्या झाल्या. १७ जण गेले, त्यांत १४ खेळाडू. हॅरी लेस्ली नावाच्या खेळाडूला मेला समजून शवागारात नेलं, तिथं त्याची नाडी लागली. पुढे हा लेस्ली इंडियानाचा राज्यपाल झाला. गामिनीत गडी उठला, असं हे एकच उदाहरण! १९०९ मध्ये कॉलेजनं गेलेल्यांच्या स्मरणार्थ व्यायामशाळा बांधली आणि दाराशी जाणाऱ्या पायऱ्या मोजून १७ ठेवल्या. पुढे व्यायामशाळा दुसरीकडे गेली आणि त्या इमारतीत संगणकशास्त्र आलं. पायऱ्या तेवढ्याच आहेत. घाईत वर्गाला जाणारी पोरं त्या दोन-दोन ओलांडत असणार.

खूण उरते आणि माणसं पुसली जातात, हा अनुभव बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहतानाही येतो. यादव आणि शिलाहारांच्या तेराव्या शतकातल्या आरमारी लढाईशी ते जोडले जातात. खालच्या पट्ट्यांत वल्ह्यांची जहाजं, त्यावरची माणसं, मारामारी. वर अप्सरा आणि स्वर्ग. लढाई इतकी बारकाव्यानं कोरली आहे की वल्ही मोजता येतात. ती वल्ही मारणाऱ्यांची नावं आपल्याजवळ नाहीत. अमेरिकेतल्या आवारांतल्या दगडांवर नेमकं उलट असतं: नावं सगळी, आणि काय घडलं त्याचं एक चित्र नाही. कोणत्या कंपनीचं विमान, वजन किती, नकाशा कुठे घेतला, हे स्मारकावर कोणीच कोरत नाही. ते अहवालात राहतं, आणि अहवालाला कोणी फुलं वाहायला जात नाही.

तरी काही वेळा अहवालच स्मारक होतो. १३ डिसेंबर १९७७ रोजी इव्हान्सव्हिल युनिव्हर्सिटीचा बास्केटबॉल संघ घेऊन उडालेलं डीसी-३ मिनिट-दीड मिनिटात पडलं, २९ जण गेले. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे आणि पंखांचे भाग हलू नयेत म्हणून जी कुलपं घालतात, त्यातली काही काढायची राहिली होती. सामानही चुकीचं भरलं होतं. दुखापतीमुळे त्या प्रवासाला न गेलेला संघातला एकुलता एक खेळाडू दोनच आठवड्यांनी मोटार अपघातात वारला. तिथं बास्केटबॉलच्या आकाराचं कारंजं आहे, त्यावरून पाणी झिरपत राहतं. मार्च २००७ मध्ये ब्लफ्टन युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल संघाची बस अटलांटात पुलावरून खाली महामार्गावर पडली, ५ खेळाडूंसह ७ जण गेले. बसमध्ये आसनांना पट्टे नव्हते. एका खेळाडूच्या वडिलांनी पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला आणि २०१३ मध्ये मोठ्या नव्या बसगाड्यांना खांद्यावरून येणारे पट्टे सक्तीचे करणारा नियम झाला. कॉलेजात स्मारकवर्तुळ आहेच. पण मी त्या मुलाचा बाप असतो तर मला कुठलं स्मारक जवळचं वाटलं असतं, हे सांगायला नको.

आपल्याकडे कॉलेजच्या संघाला विमान कुठलं! टेम्पो ट्रॅव्हलर, जीप, एसटी, फार तर आरक्षण न मिळालेला स्लीपरचा डबा. रात्रीचा प्रवास, चालकही दिवसभर जागा. २०१८ च्या जानेवारीत साताऱ्याकडच्या औंधमधून कुस्त्या करून परतणाऱ्या कुंडलच्या क्रांती कुस्ती संकुलाच्या पैलवानांची गाडी सांगली जिल्ह्यात वांगीजवळ रात्री ट्रॅक्टरला धडकली. पाच पैलवान आणि चालक गेले. कुंडल म्हणजे प्रतिसरकारातल्या जी. डी. बापू लाडांचं गाव, महाराष्ट्रातल्या मोठ्या कुस्ती मैदानांपैकी एक तिथलं. पोरं घर सोडून संकुलात राहायची, पहाटे एकत्र उठायची, एकत्र जोर-बैठका, एकत्र थंडाई. अमेरिकन कॉलेज आणि कुंडलची तालीम यांत वेशापलीकडे मला फारसा फरक दिसत नाही. तालमीत माती असते, आणि मातीला पैलवान रोज नमस्कार करतोच.

हंटिंग्टनला आता आठवणीची कमतरता नाही. विमान पडलं त्या जागी फलक आहे, स्टेडियमवर कांस्यशिल्प आहे, दफनभूमीत स्तंभ आहे. ईस्ट कॅरोलायनानंही आपल्या मैदानावर फलक लावला. त्या दिवशी जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी. मागं राहिलेला नेट रफिन २००१ मध्ये आजारानं गेला, तेव्हा त्यालाही स्प्रिंग हिलला, सवंगड्यांच्या जवळ जागा मिळाली. इतकं सगळं होण्याचं एक साधं कारण आहे: तिथं संघ आहे. दर शरदात नवी पोरं हिरवा-पांढरा पोशाख चढवतात, त्यांना कोणीतरी ती गोष्ट सांगतं, हरली तरी सांगतं, जिंकली तर जास्तच रंगवून सांगतं.

विचिटाचं स्मारक 'मेमोरियल ७०' नावानं त्यांच्या आवारात आहे. कोलोरॅडोत महामार्गाच्या कडेलाही नावं कोरलेला एक फलक आहे. तिथून वर चढून गेलं तर झाडांमध्ये विमानाचे तुकडे अजून पडलेले दिसतात. कोणी उचललेच नाहीत. सिनेमा निघाला नाही. शेवटच्या डावावर जिंकलेला सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. आणि १९८६ चा हंगाम आटोपल्यावर कॉलेजनं फुटबॉलच बंद केलं. पैसा पुरत नव्हता. कोणाचा दोष काढावा असं त्यात काही नाही. संघ उठून गेला, रेषेबाहेर बसलेले १४ जण तसेच बसून राहिले.

तरी दर २ ऑक्टोबरला सकाळी ९ वाजता तिथं माणसं जमतात. पुष्पचक्र ठेवतात, नावं वाचतात. ज्या खेळाची ही आठवण, तो त्या आवारात आता कोणी खेळत नाही; वर्गाकडे निघालेल्या विद्यार्थ्यांना ही गर्दी कसली ते विचारावं लागतं. आलेल्यांत पंचाहत्तरीला टेकलेले काही म्हातारे असतात, आगीतून बाहेर पडलेले. आणि काही असतात ब्लॅक विमानातले. त्या शुक्रवारी वेळेवर लॉगनला पोचलेले.